जुना संगणक आणि ठोकळ्यांचे जग

प्राथमिक शाळेच्या कपाटालगत, धुळीच्या फडक्याखाली, दहाबारा वर्षांपूर्वीचा एखादा संगणक पडून असतो. पत्रे टंकलिखित करण्यापुरता तो चालतो. परंतु मुलांनी त्यावर एखादा खेळ उघडला, की चित्र अडखळते, पंखा घोंघावू लागतो आणि थोड्याच वेळात पडदा जागच्या जागी थिजतो. मग ज्या मुलाच्या हाती माऊस असेल त्याच्यावर ‘तूच बिघडवलास’ असा ठपका येतो आणि यंत्र निर्लेखनाच्या यादीत जाते. या दोन्ही गोष्टी बहुधा अन्यायाच्या असतात. यंत्र का थकते हे शिक्षकास उमगले, तर मुलावरील आळ टळेल आणि यंत्रही आणखी काही वर्षे कामी येईल.

येथे ज्या खेळाचा विचार करावयाचा त्या प्रकारास ‘सँडबॉक्स’, म्हणजे वाळूची पेटी, असे म्हणतात. वाळूत बसलेल्या मुलापुढे कोणी प्रश्नपत्रिका ठेवीत नाही. ते किल्ला रचते, मोडते, पुन्हा रचते. या खेळातही जिंकणे-हरणे मुख्य नसते. एक मीटर लांब, रुंद व उंच अशा ठोकळ्यांचे जग पडद्यावर असते. एका जागचा ठोकळा काढावा, दुसऱ्या जागी बसवावा आणि घर, विहीर, पूल, जे मनात येईल ते बांधावे. या जातीतील सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे स्वीडनमधील ‘माइनक्राफ्ट’. तो २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात निघाला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची मूळ संस्था विकत घेतली. मात्र तो पैसे मोजून घ्यावा लागतो व त्याच्या नव्या आवृत्त्या जुन्या यंत्रास सहसा पेलत नाहीत. शाळेस अधिक सोयीचा आहे तो ‘लुआंटी’. फिनलंडचे पेर्टु आहोला यांनी २०१० मध्ये त्याचा आरंभ केला. २०२४ पर्यंत तो ‘माइनटेस्ट’ या नावाने ओळखला जात असे. तो मुक्त परवान्याचा व विनामूल्य आहे. नव्या आवृत्त्यांत केवळ सांगाडा येत असल्यामुळे ‘माइनटेस्ट गेम’ यासारखा एखादा खेळही त्यासोबत उतरवून घ्यावा लागतो. एकदा हे झाले, की पुढे इंटरनेटची गरज नाही. हा गुण लहान नव्हे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सुधारणा ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. त्याहून जुन्या प्रणालींची त्यापूर्वीच थांबली होती. असे यंत्र इंटरनेटपासून दूर राहिलेलेच बरे.

आता यंत्राच्या थकव्याचे कारण पाहू. लुआंटीचे जग प्रत्येक दिशेस सुमारे ६२,००० ठोकळे लांब असू शकते. एवढे जग कोणत्याच संगणकात एकदम मावणार नाही. म्हणून खेळणारा जेथे उभा असेल त्याच्या भोवतालचाच भाग यंत्र उभा करते आणि तो १६ × १६ × १६, म्हणजे ४,०९६ ठोकळ्यांच्या तुकड्यांनी हाताळते. खेळणारा पुढे चालू लागला की नवे तुकडे घडवावयाचे, ते स्मृतीत धरावयाचे, तबकडीवर लिहून ठेवावयाचे आणि दर सेकंदास अनेक वेळा त्यांचे चित्र काढावयाचे, असा हा एकाच वेळचा व्याप असतो. त्यातून जुन्या संगणकास स्वतंत्र चित्र-कार्ड बहुधा नसतेच; चित्रासाठी लागणारी स्मृतीही तो मुख्य स्मृतीतूनच उसनी घेतो.

हा व्याप किती असावा हे ठरविणारी मुख्य गोष्ट म्हणजे दृष्टीचा पल्ला. खेळातील ‘व्ह्यूइंग रेंज’ ती हीच. पल्ला १६० ठोकळ्यांवरून ८० वर आणला तर काम निम्मे होईल, असे प्रथमदर्शनी वाटते. पण चौकटीच्या कागदावर मध्यबिंदूपासून चारी दिशांस आठ आठ घरे मोजून चौरस आखला, तर घरे २५६ भरतात. चार चार मोजली तर केवळ ६४. पल्ला निम्मा केला की क्षेत्र चौथाई होते. उंची व खोलीही धरल्यास घनफळ एकअष्टमांशावर येते. तथापि जमिनीत गाडलेले ठोकळे यंत्र चितारीत नाही, उघड्या बाजूच तेवढ्या काढते, म्हणून चित्राच्या कामापुरता चौथाईचाच हिशेब जवळचा समजावा. दूरचे डोंगर धुक्यात जातील हे खरे; पण श्रावणात घाट चढणारास पायापुढची वाट दिसली तरी पुरते. इयत्ता पाचवीच्या वर्गास क्षेत्रफळ व घनफळ शिकविण्यास याहून चांगले निमित्त सहसा मिळावयाचे नाही.

खेळ चालू असतानाच अधिक आणि उणे या चिन्हांच्या कळांनी हा पल्ला वाढविता व घटविता येतो. याच ठिकाणी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इंग्रजी ‘आर’ ही कळ दाबली गेली, की पल्ल्याची मर्यादाच उठते. जुने यंत्र अशा वेळी हमखास लटके पडते. मुलाचे बोट चुकून त्या कळीवर पडलेले असते, एवढाच त्याचा अपराध. ती कळ पुन्हा दाबली की मर्यादा पूर्ववत् होते.

पडद्याचा आकारही पाहावा. १३६६ × ७६८ या मापात दहा लाखांहून अधिक बिंदू रंगवावे लागतात, तर खेळाची खिडकी ८०० × ६०० ठेवल्यास चार लाख ऐंशी हजार. पानांची पारदर्शकता, ढग, लाटा ही शोभा बंद करावी. इतर कार्यक्रम, विशेषतः ब्राउझर, आधी मिटवावेत. स्मृती अपुरी पडली की यंत्र तबकडीचा आधार घेते आणि तो आधार फारच मंद असतो. पंख्यात साचलेली धूळ मात्र कोणत्याही मांडणीने जात नाही. संगणक तापला की त्याचा प्रक्रियक आपण होऊन वेग कमी करतो. यंत्र बंद करून, तार काढून, मऊ ब्रशने ती धूळ झाडावी. अनेकदा एवढ्यानेच निम्मे दुखणे दूर होते.

नवे जग घडविणे हे घडविलेले जग पुन्हा दाखविण्यापेक्षा जड काम आहे. यासाठी तासाच्या आधी शिक्षकाने स्वतः त्या जगात चहूबाजूंस फेरी मारून यावे. तेवढा भाग घडून साठविला जातो व मुलांच्या वेळी यंत्र कमी अडखळते. शाळेत दोन संगणक असून ते तारेने जोडलेले असतील, तर त्यातल्या त्यात सशक्त यंत्रावर जग चालवावे आणि दुर्बळ यंत्राने केवळ चित्र दाखवावे. एकटे यंत्र ही दोन्ही कामे स्वतःच करीत असते. दोन्ही ठिकाणी खेळाची आवृत्ती एकच असावी.

वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. केलेले काम खेळ थोड्या थोड्या वेळाने आपोआप लिहून ठेवतो, परंतु लिहिण्याच्या क्षणीच वीज गेली तर ते बिघडण्याचा संभव असतो. मुलांनी आठवडाभर खपून बांधलेली विहीर अशा रीतीने नाहीशी होऊ नये म्हणून, तास संपल्यावर खेळ बंद करावा आणि ‘वर्ल्ड्स’ या नावाचा कप्पा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा. त्या प्रतीवर दिनांक घालण्याचे काम वर्गनायकाकडे सोपविण्यास हरकत नाही.