गरोदरपण आणि मऊ प्लास्टिक

घरात बाळ येणार असे कळले की आजी, मावशी, शेजारीण सगळ्या सांगू लागतात, हे खा, ते खाऊ नको. पण ते अन्न कशात ठेवावे, याचा विचार आपण फारसा करीत नाही. आज आम्ही त्याविषयीच चार गोष्टी सांगणार आहोत.

पी.व्ही.सी. नावाचे प्लास्टिक मुळात कडक असते. पाण्याचे पाइप त्याचेच असतात. त्याच प्लास्टिकची लवचीक नळी किंवा टेबलावरचे मऊ आच्छादन करायचे, तर त्यात बहुधा थॅलेट जातीचे तेलकट द्रव मिसळतात. हे द्रव प्लास्टिकशी पक्के जोडले जात नाहीत. लोणच्याच्या फोडीत तेल मुरावे तसे ते नुसते मुरलेले असतात व हळूहळू बाहेर येतात. तेल, तूप आणि उष्णता यांचा संबंध आला की अधिकच सुटतात. अन्नातून ते आईच्या अंगात जातात आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचतात.

त्याने काय होते? अमेरिकेत शॅना स्वान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ८५ मुलग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. गरोदरपणी ज्या आयांच्या लघवीत थॅलेटचे अंश जास्त होते, त्यांच्या मुलग्यांत जननेंद्रिय व गुदद्वार यांमधले अंतर कमी आढळले. पोटात असताना पुरुषी संप्रेरकाचे काम मंदावल्याची ती खूण मानतात. पुढे २०२२ साली तिथल्याच १६ पाहण्या एकत्र करून ६,०४५ गरोदर स्त्रियांची माहिती तपासली गेली. ज्यांच्या अंगात काही थॅलेट अधिक होते, त्यांच्यात ३७ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचे प्रमाण जास्त दिसले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वास घेणे, दूध ओढणे किती जड जाते, हे आपण जाणतोच.

मात्र घाबरून जाऊ नये. ही पाहणी संबंध दाखवते. अमक्या बाईला असे होणारच, असे सांगत नाही. दुसरे म्हणजे, थॅलेट शरीरात साठून राहत नाही, बरेचसे एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जाते. २०११ साली अमेरिकेतील पाच कुटुंबांना तीन दिवस डबाबंद वा प्लास्टिकमधले अन्न न देता ताजे अन्न दिले. तेवढ्यात एका प्रमुख थॅलेटचे अंश निम्म्याहून खाली आले. म्हणजे उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे.

प्लास्टिक कोणत्या जातीचे, हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून सोपा नियम धरावा. गरम आमटी, कालवण, चहा प्लास्टिकमध्ये ओतू नये; बाहेरून आणायचे तर स्टीलचा डबा न्यावा. तेल, तूप व लोणचे काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवावे. प्लास्टिकच्या भांड्यात अन्न गरम करू नये. डबाबंद पदार्थांपेक्षा ताजी भाजी, डाळ, मासळी बरी. उग्र वासाची प्रसाधने या दिवसांत बेताने वापरावीत, कारण सुगंधातही काही थॅलेट असतात.

एक गोष्ट विसरू नका. दवाखान्यातील सलाइनच्या नळीत व रक्ताच्या पिशवीतही हे द्रव असू शकतात, पण म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले उपचार कधीही नाकारू नयेत. तिथे जीव वाचणे महत्त्वाचे.

घरातील वडीलधाऱ्यांना व पतिराजांना आमची विनंती आहे, की ही काळजी एकट्या गरोदर बाईवर टाकू नका. माळ्यावरची जुनी बरणी खाली काढून, धुऊन, उन्हात वाळवून देणे तुम्हालाही जमेल.