सोयाबीन, ज्वारी आणि एक पिवळी जर्सी

अमरावतीहून अकोल्याकडे सायकल काढली की बडनेरा मागे पडताच दोन्ही अंगांना वावरं सुरू होतात. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला, तो हाच रस्ता. ऑगस्टात इथं नजर जाईल तिथवर सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी, पऱ्हाटी, आणि एखाद्याच धुऱ्यापलीकडे ज्वारी. एका सायकलपटूची शिक्षा सोयाबीन आणि ज्वारी या दोन पिकांतल्या फरकावर उभी होती, हे कळल्यापासून मला हा रस्ता पूर्वीसारखा दिसत नाही.

सायकलपटू म्हणजे अमेरिकेचा फ्लॉइड लँडिस, आणि शर्यत २००६ ची टूर द फ्रान्स. सोळाव्या टप्प्यात तो डोंगरावर असा ढेपाळला की एकंदर क्रमवारीत ८ मिनिटांहून जास्त मागे पडला. दुसऱ्या दिवशी, २० जुलैला, आल्प्सच्या चढांवर तो एकटाच सगळ्यांना सोडून पुढे निघाला आणि मॉर्झिनला पहिला पोचला. पेपरात ते वाचताना अंगावर काटा आला होता. हरलेला माणूस एका रात्रीत असा उठू शकतो यावर मला विश्वास ठेवायचा होता. तीन दिवसांनी पॅरिसमध्ये विजेत्याची पिवळी जर्सी त्याच्या अंगावर होती. मग बातमी आली की मॉर्झिनच्या त्याच दिवशीच्या लघवीच्या नमुन्यात बाहेरचं टेस्टोस्टेरॉन सापडलं.

मी मनातल्या मनात त्याची वकिली केली. टेस्टोस्टेरॉन तर प्रत्येकाच्या शरीरात तयार होतं. बाटलीतलं असो की शरीरातलं, रेणू तोच: १९ कार्बन, २८ हायड्रोजन, २ ऑक्सिजन. मग घरचं कोणतं आणि बाहेरचं कोणतं, हे प्रयोगशाळा सांगणार कशी?

उत्तर कार्बनमध्ये आहे. निसर्गातला सुमारे ९९ टक्के कार्बन हलका असतो, कार्बन-१२. उरलेल्या एका टक्क्याच्या आसपास त्याचा जड भाऊ, कार्बन-१३. हवेत दोघंही मिसळलेले असतात, पण झाडं दोघांना सारखं वागवत नाहीत. सोयाबीन, तूर, गहू, तांदूळ, कपाशी, वरुड-मोर्शीचा संत्रा ही सगळी एका गटातली. यांच्या पानातलं विकर हवेतला कार्बन उचलताना हलक्याला झुकतं माप देतं, जड थोडा जास्त बाहेर राहतो. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांची तऱ्हा वेगळी. उन्हाळी, कोरडी हवा सोसणाऱ्या या पिकांत दुसरं एक विकर आधी कार्बन पकडतं आणि पानाच्या शिरांभोवतीच्या बंद पेशींत नेऊन सोडतं. तिथून बाहेर पडायला फारशी वाटच नसते, म्हणून हलकं-जड निवडायलाही वाव राहत नाही. ठरलेल्या मापाच्या तुलनेत जड कार्बन सोयाबीनच्या गटात हजारी साधारण २७ नं कमी भरतो, ज्वारीच्या गटात फक्त १३ च्या आसपास. एकाच धुऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे, एकाच हवेतून!

आता कारखान्यात जाऊ. १९४० मध्ये शिकागोत पर्सी ज्युलियन हे रसायनशास्त्रज्ञ ज्या कंपनीत काम करत, तिथल्या सोयाबीन तेलाच्या टाकीत पाणी शिरलं आणि तेलात पांढरा घट्ट पदार्थ साचला. तेल वाया गेलं म्हणून कुणी हळहळलं असतं. ज्युलियननी त्या पांढऱ्या पदार्थात वनस्पतींचे स्टेरॉल ओळखले आणि त्यांच्यापासून माणसाची संप्रेरकं बनवायची वाट मोकळी झाली. बाटलीतलं टेस्टोस्टेरॉन आजही सहसा सोयाबीन किंवा रानकंदासारख्या, म्हणजे पहिल्याच गटातल्या वनस्पतींपासून बनतं. कारखान्यात कितीही प्रक्रिया झाल्या तरी त्या पानानं केलेली निवड रेणूत तशीच राहते.

शरीर मात्र आपलं टेस्टोस्टेरॉन कोलेस्टेरॉलपासून घडवतं, आणि त्यातला कार्बन येतो आपल्या एकंदर जेवणातून, दोन्ही गटांच्या मिश्रणातून. म्हणून प्रयोगशाळा त्याच माणसाच्या लघवीतली दोन द्रव्यं वेगळी काढते. एक टेस्टोस्टेरॉनपासून आलेलं, दुसरं त्याच्याशी संबंध नसलेलं, पण त्याच शरीरात घडलेलं. दोन्ही जाळून कार्बन डायऑक्साइड करतात आणि वायूतले हलके-जड रेणू मोजतात. माणूस खरा असेल तर दोघांचा हिशेब जवळपास जुळतो. फरक हजारी ३ च्या पुढे गेला की काहीतरी बाहेरून आलं आहे.

लँडिसच्या खटल्यात लवादानं संप्रेरकांच्या प्रमाणाची पहिली चाचणी प्रयोगशाळेच्या चुकांमुळे बाजूला ठेवली. कार्बनची चाचणी मात्र टिकली. सप्टेंबर २००७ मध्ये दोन वर्षांची बंदी लागली आणि जेतेपद ऑस्कर पेरेइरो या सायकलपटूकडे गेलं. पुढे २०१० मध्ये लँडिसनं अनेक वर्षं बंदी असलेले उपाय केल्याची कबुली दिली. मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण त्याहून मोठं आश्चर्य हे की चढावरचा तो पराक्रम ज्यानं खोडून काढला, तो फरक पानाच्या आत पडलेला होता.

आणखी एक गोष्ट सुचते. गव्हा-तांदळावर जगणाऱ्या खेळाडूचा कार्बन मुळातच सोयाबीनच्या जवळचा, त्यामुळे त्याच्यात बाटलीचा फरक कमी दिसणार. दोन वेळा ज्वारीची भाकर खाणाऱ्याच्या शरीरात तोच फरक ठळक उठून दिसेल. चहातली साखरही उसाची, म्हणजे ज्वारीच्याच बाजूची.

हा हिशेब केसांतही उतरतो. वऱ्हाडात ज्वारी हेच मुख्य अन्न होतं तेव्हाच्या माणसांच्या केसांत जड कार्बन जास्त असणार, आणि आज पोळी खाऊन शाळेत जाणाऱ्या त्यांच्या नातवंडांच्या केसांत कमी. मूर्तिजापूरच्या अलीकडे ज्वारीचं एखादं वावर लागलं की मी आता सायकल थांबवतो, धुऱ्यावर उभा राहतो आणि आधी इकडच्या, मग तिकडच्या पानांकडे बघतो.