जिवाणू सापडला, नोंद हरवली

साठी उलटलेली एक स्त्री थंडी वाजून ताप आला म्हणून रुग्णालयात दाखल होते, असे समजा. लघवीला जळजळ आहे, रक्तदाब उतरला आहे, बोलण्यात थोडी असंबद्धता आहे. डॉक्टर तातडीने प्रतिजैविके सुरू करतात आणि केसपेपरवर एकच शब्द लिहितात : 'युरोसेप्सिस'. आठवड्याभरात ती बरी होऊन घरी जाते. उपचारांत काहीच चुकलेले नसते. अडचण येते ती केसपेपर रुग्णालयाच्या नोंदणी विभागात पोहोचल्यावर. तिथल्या कर्मचाऱ्याला या आजाराला एक संकेतांक द्यायचा असतो आणि 'युरोसेप्सिस' या शब्दाचे अर्थ दोन निघतात. संसर्ग मूत्रमार्गापुरताच होता, की त्याने सारे शरीर ग्रासले होते?

आजारांना संकेतांक देण्याची ही पद्धत 'आयसीडी' या आद्याक्षरांनी ओळखली जाते. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये शिकागो येथे मृत्यूंच्या कारणांची एक यादी मांडली. त्या यादीची ही आजची पिढी. १९४८ पासून तिची जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी आपल्याकडील रुग्णालयांचा आणि विमा कंपन्यांचा व्यवहार बव्हंशी दहाव्या आवृत्तीवरच चालतो. आरोग्य विम्याच्या दाव्याच्या अर्जात रुग्णालयाने भरायच्या भागात तिच्यासाठी स्वतंत्र रकाना असतो.

या आवृत्तीत मूत्रमार्गाच्या संसर्गाला एन ३९.० हा संकेतांक आहे, तर रक्तात भिनलेल्या संसर्गाला, म्हणजे सेप्सिसला, ए ४१ या गटातला. पहिला आजार बहुधा गोळ्यांनी आटोक्यात येतो, दुसरा जिवावर बेततो. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीने तर 'युरोसेप्सिस' या मोघम शब्दाला संकेतांकच ठेवलेला नाही. हा शब्द दिसला की संकेतांक देणाऱ्याने डॉक्टरांनाच लेखी विचारायचे, स्वतः तर्क लढवायचा नाही, असा तिथला दंडक आहे. तिथे रुग्णालयाला मिळणारी रक्कम संकेतांकावर ठरत असल्याने हा काटेकोरपणा आला, हे उघड आहे. अमेरिकी रुग्णालयांचे हे काम आता मोठ्या प्रमाणावर भारतात होते. परदेशातल्या रुग्णाच्या कागदातला एकेक शब्द इथे बसून पारखला जातो आणि शेजारच्या रुग्णालयातल्या केसपेपरवर नुसते 'ताप' लिहून भागवले जाते, ही विसंगती कुणाला फारशी खटकत नाही.

जिवाणूजन्य आजारांत आणखी एक गुंता आहे. क्षय, विषमज्वर, पटकी यांच्या नावातच त्यांचा जिवाणू ठरलेला असतो. पण मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा जखमेतला पू अनेक जिवाणूंमुळे होऊ शकतो. अशा वेळी आजाराच्या संकेतांकाला जिवाणूचा दुसरा संकेतांक जोडायचा असतो, ई. कोलायसाठी तो बी ९६.२ आहे. जिवाणू औषधांना दाद देत नसेल, तर त्यासाठीही वेगळे संकेतांक आहेत. हे जोडसंकेतांक लिहिले नाहीत, तरी रुग्णाच्या उपचारांत काही फरक पडत नाही. कदाचित म्हणूनच ते राहून जातात. न्यूमोनियाचेही तसेच. क्लेब्सिएला जिवाणूमुळे झालेला न्यूमोनिया जे १५.० मध्ये मोडतो. डॉक्टरांनी नुसते 'न्यूमोनिया' लिहिले, तर तो जे १८.९ या अनिश्चितांच्या गठ्ठ्यात जाऊन पडतो.

प्रयोगशाळेच्या अहवालात जिवाणूचे नाव असतेच, मग ते तिथून उचलून लिहायला काय हरकत आहे, असे कुणालाही वाटेल. पण रक्ताच्या नमुन्यात वाढलेला प्रत्येक जिवाणू गुन्हेगार नसतो. त्वचेवर एरवी सुखाने नांदणारे काही स्टॅफिलोकॉकस सुई टोचताना बाटलीत शिरतात आणि अहवालात झळकतात. खरा कोण आणि आगंतुक कोण, हे रुग्णाला तपासणारा डॉक्टरच सांगू शकतो. म्हणून 'ई. कोलायमुळे झालेला सेप्सिस' हे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिणे आवश्यक ठरते.

नोंद मोघम राहिली की साथही झाकली जाते, याचा अनुभव मुंबईने घेतलेला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला आणि तसे स्पष्ट शब्दांत सांगितले. साथ पसरत गेली, तेव्हाही प्लेगचे अनेक मृत्यू साध्या तापाच्या वा अन्य आजारांच्या नावावर नोंदले गेले. एकूण मृत्यूंचा नेहमीपेक्षा फुगलेला आकडाच काय ते खरे सांगत होता.

आज जिवाणूंची औषधांना न जुमानण्याची वाढती ताकद हा तसाच प्रश्न आहे. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा प्रतिरोधामुळे झाले, असा अंदाज 'लॅन्सेट'ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. तो अंदाजच आहे, कारण मृत्यूच्या दाखल्यावर ही गोष्ट क्वचितच लिहिलेली असते. भारतात २०२० मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. ज्यांचे प्रमाणित होते, त्यांतल्याही अनेक दाखल्यांवर 'हृदयक्रिया व श्वसन बंद पडल्याने' एवढेच आढळते. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. दाखल्याला हवी असते ती कारणांची साखळी : शेवटी सेप्टिक शॉक, तो सेप्सिसमुळे, सेप्सिस मूत्रपिंडाच्या ई. कोलाय संसर्गातून. आकडेवारीत शेवटी मोजले जाते ते साखळीच्या मुळाशी असलेले कारण. नुसता 'सेप्सिस' लिहिला, तर संसर्गाचा उगमच हाती लागत नाही.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयांना मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाला द्यावे लागते आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही मिळते. पण जिवाणूचे नाव त्या कागदावर येण्यात घड्याळही आड येते. कल्चरचा अहवाल यायला बहुधा दोन-तीन दिवस लागतात. प्रकृती झपाट्याने ढासळलेला रुग्ण तेवढे थांबत नाही आणि त्याचा दाखलाही थांबत नाही. अहवाल येतो तेव्हा त्यात जिवाणूचे नाव असते, कोणती औषधे त्याच्यावर निकामी ठरली त्यांची यादी असते. आणि तो कागद बंद झालेल्या फाइलला मागच्या बाजूने टाचला जातो.