पोकलेन गेल्यानंतरचा ओढा

दुष्काळ पडला की आपल्याकडे ओढ्यात पोकलेन उतरतं. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात गावोगाव नाला खोलीकरण-रुंदीकरण झालं. खोदलेल्या पात्रात पाणी साठलं, विहिरींना आधार मिळाला. हे नाकारायचं कारण नाही. पण पाणी साठलं म्हणजे ओढा जिवंत झाला, ही समजूत आपल्याला महागात पडते आहे. काठची झाडी उपटली, तळातली वाळू उपसली, दोन्ही बाजूंना मातीचे ढीग लावले की उरतो तो नुसता चर. एका दणक्याच्या पावसात ते ढीग पुन्हा पात्रात येतात.

धड असलेला ओढा जवळून पाहावा. करंज-उंबराची मुळं काठ धरून असतात. निरगुडी आणि लव्हाळ्यात पाण्याचा वेग मोडतो, शेतातून आलेली माती तिथंच बसते. पाण्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबतात. सापाला तिथवर पोचणं अवघड. ढोलीतला पिंगळा रात्री शेतातले उंदीर टिपतो. शेतकऱ्याची ही बिनपगारी माणसं आपण झाडीबरोबर हाकलून देतो आणि मग औषधांच्या दुकानात उधारी वाढते.

राजस्थानात अलवर जिल्ह्यातल्या अरवरी नदीची गोष्ट आपल्याकडे बंधाऱ्यांची गोष्ट म्हणूनच सांगितली जाते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून राजेंद्र सिंह यांच्या तरुण भारत संघाबरोबर गावकऱ्यांनी जोहड, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारे मातीचे बांध, बांधले आणि कोरडी पडलेली नदी वाहू लागली, हे खरंच. मला मात्र त्यापुढचा भाग मोलाचा वाटतो. नदीत मासे आले, तसा सरकारनं मासेमारीचा ठेका दिला आणि गावकरी त्याविरुद्ध उभे राहिले. त्यातून १९९९ मध्ये सत्तर गावांची अरवरी संसद उभी राहिली. पाणी, चराई, झाडतोड यांचे नियम लोकांनीच केले.

शेतीसाठी नदी सरळ करण्याचा मोह केवळ आपलाच नाही. डेन्मार्कनं १९६२ ते १९६८ या काळात स्क्येर्न नदीचा खालचा भाग कालव्यासारखा सरळ केला आणि सुमारे ४,००० हेक्टर पाणथळ जमीन शेतीखाली आणली. थोड्याच वर्षांत ती जमीन खचू लागली, लोहयुक्त गढूळ पाणी खाडीत उतरू लागलं, सामन मासा जवळपास संपला. अखेर १९९९ ते २००२ मध्ये त्याच देशानं पैसे खर्चून नदीला तिची वळणं परत दिली. १९ किलोमीटरचं सरळ पात्र २६ किलोमीटरचं वळणदार झालं. सुमारे २,२०० हेक्टर जमीन नदीला मिळाली, सामन सावरला. यासाठी शेतकऱ्यांची जमीन विकत घेतली गेली, काहींना बदली जमीन मिळाली. आपल्याकडे नेमकं हेच कलम गाळलं जातं.

सोलापूरजवळच्या नान्नजला त्याची झळ दिसली. १९७९ मध्ये माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात माणसांची गावं आणि शेतं आली. निर्बंध आले, मोबदला आला नाही, आणि पक्ष्याविषयी राग साठला. पुढं क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर कोरडवाहू ज्वारीच्या जागी बागायत सरकत होती. माळढोकाला उघडा माळ लागतो. त्यावर गिरिपुष्प लावून हिरवं केल्यानं त्याचं घरच जातं. माळ म्हणजे पडीक जमीन, ही सरकारी नोंद आधी बदलायला हवी.

गवत राखून शेतकऱ्याचा संसार चालतो, हे हिवरे बाजारनं दाखवलं आहे. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, त्यानंतर गावानं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं. डोंगरावरचं गवत विळ्यानं कापून न्यायचं. त्यावर दुभती जनावरं वाढली. पाऊस पडला किती, त्यावर पीक कोणतं, याचा ताळेबंद गाव दरवर्षी मांडतं.

ओढ्याकाठी दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट पट्टी सोडायला सांगितलं, तर गुंठ्यावर जगणारा शेतकरी विचारेल, माझ्या पिकाचं काय? त्याचा प्रश्न रास्त आहे. खोलीकरणाच्या डिझेलवर होणाऱ्या खर्चातला वाटा त्याला दरवर्षी, पट्टी राखल्याबद्दल, थेट मिळायला हवा. करंज, जांभूळ, उंबराची रोपं गावच्याच रोपवाटिकेत तयार व्हावीत. आणि काम झालं की नाही हे मोजताना किती घनमीटर माती काढली ते न विचारता, उन्हाळ्यात काठावर गवत किती उरलं ते ग्रामसभेनं जाऊन पाहावं.