१०९९-क्यू आला म्हणजे कर लागलाच असं नाही

फेब्रुवारी उजाडला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर टॅक्सचे कागद पसरतात. मुलं कॉलेजात असली तर त्यांत बहुधा १०९९-क्यू असतो. ओळखीच्या घरी या कामाला बसले की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, या सगळ्यावर कर भरायचा का?"

नाही. शिक्षणासाठीच्या ५२९ बचत खात्यातून किती पैसे काढले, त्यात वाढ किती आणि मूळ भरणा किती, एवढंच तो फॉर्म सांगतो. पैसे कशावर खर्च झाले ते त्याला ठाऊक नसतं. तो हिशेब घरच्यांनीच मांडायचा.

एका घरचा हिशेब सांगते. काढलेले ३०,००० डॉलर, त्यात वाढ १२,०००. कॉलेजच्या १०९८-टीवर ट्यूशन २२,०००, शिष्यवृत्ती ६,०००. वजाबाकी करून वडील १६,००० वर थांबले होते आणि हवालदिल झाले होते. पण १०९८-टीवर राहण्याजेवणाचा खर्च येतच नाही. मुलीला कॉलेजच्या पोर्टलवरून बिलं काढायला लावली. डॉर्म आणि मील प्लॅनचे १४,००० निघाले, पुस्तकांचे १,०००. आरोग्यविमा आणि विमानाची तिकिटं यात धरता येत नाहीत, ती सोडली. शिष्यवृत्ती वजा जाऊन मान्य खर्च ३१,०००. म्हणजे कर शून्य.

तरीही मी त्यांना इथे थांबू दिलं नाही. अमेरिकन ऑपर्च्युनिटी क्रेडिटसाठी ट्यूशनचे ४,००० दाखवले तर आईवडिलांचा कर २,५०० डॉलरने उतरतो. मात्र एकच खर्च दोन्हीकडे चालत नाही. ५२९ साठी मग २७,००० उरले, काढलेल्या रकमेच्या ९० टक्के. वाढही तेवढीच करमुक्त. उरलेले १,२०० मुलीच्या उत्पन्नात धरायचे, कारण पैसे थेट कॉलेजला गेले होते आणि फॉर्म तिच्या नावाचा होता. एरवी अशा रकमेवर १० टक्के जादा कर बसतो. क्रेडिटमुळे उरलेल्या रकमेला तो माफ आहे, ती माफी ५३२९ फॉर्मवर नोंदवायची. २,५०० वाचवायला १,२०० वरचा किरकोळ कर मी केव्हाही पत्करीन. नवराबायकोचं मिळून उत्पन्न १,८०,००० डॉलरवर गेलं की मात्र हे क्रेडिट मिळत नाही, आणि दोघंही आयटीत असली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. अशा जोडप्यांनी ४,००० बाजूला काढण्यात अर्थ नाही.

माणसं खरी अडकतात ती तारखांत. वसंत सत्राचं बिल डिसेंबरात भरलं आणि खात्यातून पैसे जानेवारीत काढले, तर खर्च एका वर्षाचा आणि रक्कम दुसऱ्या वर्षाची. चांगला, खरा खर्च असा वाया जाताना पाहून जीव तुटतो.

म्हणून एवढं कराच: ज्या वर्षी बिल भराल त्याच वर्षी, ३१ डिसेंबरच्या आत पैसे काढा, आणि पोर्टलवरची बिलं त्याच दिवशी उतरवून ठेवा.