पिशवीचं दुखणं आणि कोयत्याची वाट

‘गर्भाची पिशवी काढून टाकली की कटकट मिटते, पुढे कॅन्सरची भीतीही राहत नाही.’ बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांमध्ये हा समज खोलवर रुजला आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं आहे. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचं लक्षण असतं आणि तो गोळ्यांनी बरा होतो. त्यातून कॅन्सर होतोच असं मुळीच नाही. उलट तिशीत गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली, तर पाळी लगेच कायमची बंद होते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ऊस तोडणं मात्र सुटत नाही.

२०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे जवळपास १७ टक्के. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचं प्रमाण ३ टक्क्यांच्याही आत होतं.

मग लोक म्हणतात, ‘या बायकाच अडाणी, स्वच्छता पाळत नाहीत.’ हे म्हणणाऱ्यांनी एकदा ऊसतोड टोळीची कोपी आतून पाहावी. ताडपत्रीचा आडोसा, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचं. पहाटे अंधारात फडावर जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. पाळीचं कापड धुवायला आडोसा नाही आणि उन्हात वाळत घालायची सोय नाही. त्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर घेतलेली. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. दवाखान्यात जाणं म्हणजे खाडाच. म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं, आणि गावी परतल्यावर एकदाच ‘कायमचा’ उपाय शोधला जातो.

‘मागास भागात डॉक्टर नाहीत म्हणून हे घडतं,’ हेही खरं नाही. शस्त्रक्रिया करणारे खासगी दवाखाने तिथे होतेच. म्हणून तर पुढे गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची करावी लागली. खरी अडचण स्थलांतराची आहे. बीड पर्जन्यछायेत, शेती बेभरवशाची, म्हणून माणसं दिवाळीच्या सुमारास सांगली-कोल्हापूरकडे, अगदी कर्नाटकापर्यंत निघतात. तिकडे कालव्याचं पाणी आहे, चांगले दवाखानेही आहेत. पण आशाताईची यादी त्या गावच्या रहिवाशांची, आणि टोळीचं नाव गावाकडच्या यादीत. हंगामाचे ते सहा महिने गरोदर बाई आणि तिचं लेकरू कुणाच्याच वहीत नसतं.

‘लस गावाकडेच मिळते’ या समजापायी कितीतरी मुलांचे डोस चुकतात. सरकारी लसीकरण आणि गरोदरपणातली तपासणी देशात कुठल्याही सरकारी केंद्रात मोफत होते, रहिवासी असण्याची अट नाही. तुमच्या शिवारात टोळी उतरली असेल, तर कोप्यांवर जाऊन एवढं सांगा, आणि तुमच्या आशाताईंनाही तिकडचा रस्ता दाखवा.