पंजा : माऊचा, निवडणुकीतला नव्हे!

मांजर कसंही पडलं तरी चार पायांवरच उतरतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण ते ज्या पायांवर उतरतं, त्यांच्याकडे कधी नीट बघितलंय का? घरात मांजर असलेले लोक त्याच्या दूधभाताची काळजी घेतात, पण त्याचा पंजा त्यांना आठवतो तो ओरबाडल्यावरच! म्हणून हा लेख.

आधी थोडं डिझाईन. पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, अशी मांजराला एकूण 18 बोटं असतात. ते टाच न टेकता बोटांवर चालतं. तळव्याच्या गाद्या म्हणजे त्याचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. मांजराला घामही मुख्यतः याच गाद्यांना येतो. घाबरलेलं मांजर डॉक्टरांच्या टेबलावर ओले ठसे उमटवतं, अगदी व्हायव्हाच्या आधी आपल्या तळहातांना घाम फुटतो तसं!

नखांची रचना तर मेकॅनिकलवाल्यांनी मुद्दाम बघावी अशी आहे. मांजर आरामात असतं तेव्हा लवचीक बंधांमुळे नखं आपोआप आत राहतात. हवी तेव्हा स्नायूंनी स्नायुबंध ओढला की बाहेर येतात. त्यामुळे चालताना ती झिजत नाहीत आणि त्यांची धार टिकते. नखाचं वरचं जुनं आवरण अधूनमधून गळतं. ते जमिनीवर सापडलं तर घाबरू नका, नख तुटलेलं नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. मांजर दिवसातला बराच वेळ स्वतःला चाटत असतं. म्हणजे पंजाला जे लागतं, ते थोड्याच वेळात पोटात जातं. आपण फिनाईल टाकून लादी पुसतो, मांजर त्या ओल्या लादीवरून चालतं आणि मग कोपऱ्यात बसून पंजे चाटतं. फिनॉलसारखी रसायनं पचवून बाहेर टाकण्यासाठी लिव्हरमध्ये जी प्रक्रिया लागते, ती मांजरात फारच कमी असते. आपल्याला जे चालतं, ते त्याला विष ठरू शकतं. जखमेवर लावायची काही अँटिसेप्टिक लिक्विडही याच जातीतली असतात. म्हणून मांजर असलेल्या घरात फिनाईल नकोच. दुसरं कुठलंही क्लीनर वापरलं तरी लादी साध्या पाण्याने परत पुसा आणि पूर्ण वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवा. फिनाईल पायाला लागलंच तर लगेच सौम्य साबण आणि कोमट पाण्याने पंजे धुवा आणि त्याला चाटू देऊ नका. लाळ गळणं, उलट्या, लटपटणं यातलं काहीही दिसलं तर बाटली सोबत घेऊन तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे जा.

ऑइल पेंट लागला तर थिनर किंवा रॉकेल लावू नका. उंदरांच्या चिकट पॅडवर पाय अडकला तर ओढू नका. खायचं तेल चोळून हळूहळू सोडवा, मग साबणाने धुवा. आणि मांजर लंगडतंय म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका. आपली 500 मिलिग्रॅमची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

आठवड्यातून एकदा, मांजर पेंगत असताना, पंजे तपासा :

1. बोटांच्या मधे खडा, काटा, चिकटलेली माती आहे का ते बघा.
2. गाद्यांना चीर, सूज किंवा भाजल्याची खूण आहे का ते बघा. मे महिन्यातली गच्ची आणि डांबरी रस्ता पाय भाजू शकतात.
3. बोट हलकेच दाबलं की नख बाहेर येतं. आतला गुलाबी भाग जिवंत असतो. त्याच्या बराच पुढे, फक्त टोक कापा. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर लावून स्वच्छ कापसाने दाबून धरा.
4. पुढच्या पायांचं आतलं, अंगठ्यासारखं नख विसरू नका. ते जमिनीला टेकत नाही. म्हाताऱ्या मांजरांची नखं कधीकधी वळून थेट गादीत घुसतात. मांजर मुकाट्याने सहन करतं आणि आपल्याला पत्ताच नसतो.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हा प्रश्न जुना आहे, नखं कोण कापणार हाही तेवढाच कठीण! एका दिवशी दोनच नखं कापली तरी चालतं.

सोफा वाचवायला नखं कायमची काढून टाकणं हा मात्र उपाय नाही. त्या ऑपरेशनमध्ये नखासोबत बोटाचं शेवटचं हाडही कापलं जातं. न्यूयॉर्क राज्याने 2019 साली यावर बंदी घातली. त्यापेक्षा लाकडी खांबाला काथ्याची दोरी गुंडाळून द्या, मांजर खूश आणि सोफाही शाबूत.

पंजाला पू असेल, गादी सुजून मऊ झाली असेल किंवा लंगडणं दिवसभरात थांबलं नाही तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि या सगळ्या खटपटीत मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मांजर आपलं दुखणं सांगत नाही, उलट लपवतं. तेव्हा या रविवारी पाच मिनिटं काढा, माऊला मांडीवर घ्या आणि 18 बोटं मोजा!